स्विंडनच्या बागा, तळी आणि टेकड्या: आधी पायाखालची माती बघा, मग गाडी काढा

स्विंडनचं नाव काढलं की इंग्लंडात पहिला विनोद राउंडअबाउटवर होतो. 1972 मध्ये एका मोठ्या वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळं ओवून केलेला तो ‘मॅजिक राउंडअबाउट’ खरोखरच नवख्या ड्रायव्हरला घाम फोडतो. दुसरा विनोद असा की या गावात बघण्यासारखं काही नाही. हा मात्र चुकीचा. विल्टशरमधल्या या रेल्वेच्या गावाला आणि आसपासच्या दहा मैलांना जी हिरवाई लाभली आहे, ती लंडनहून तासभर आगगाडीने येऊन बघावी अशी आहे. फक्त कुठली जागा कधी, हे कळायला हवं. ते कळत नाही म्हणून नोव्हेंबरात पांढरे स्निकर घालून कुटुंबच्या कुटुंब गुडघाभर चिखलात उभी दिसतात.

गोष्ट मातीची आहे. गावाचा बराचसा भाग चिकणमातीवर वसला आहे. मधोमध चुनखडीच्या दगडाची टेकडी, तिच्यावर ओल्ड टाउन. दक्षिणेला चार-पाच मैलांवर खडूच्या टेकड्या, ज्यांना इथे ‘डाउन्स’ म्हणतात. चिकणमातीत पाणी मुरत नाही, वरच साठतं. खडूतून ते भराभर झिरपून जातं. त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च खालच्या बागांमध्ये डांबरी किंवा खडीची वाट सोडली की संपलं, आणि त्याच दिवशी वर टेकडीवर गवत चालण्याजोगं असतं. पण वर वारा असा असतो की कानटोपी नसेल तर दहा मिनिटांत गाडीकडे पळावं लागतं. एप्रिल ते सप्टेंबर हा हिशेब सैल होतो. तेव्हा गर्दी, पार्किंग आणि परागकणांची सर्दी यांचा विचार करायचा.

लिडियर्ड पार्क

गावात नवीन आलेल्यांनी पहिल्या रविवारी इथेच जावं. पश्चिम स्विंडनला, एम4 महामार्गाच्या 16 नंबरच्या जंक्शनपासून अगदी जवळ, सुमारे 260 एकरांचं आवार. मधला वाडा सेंट जॉन घराण्याचा. आजचं त्याचं देखणं रूप 1743 च्या डागडुजीतलं. 1943 मध्ये स्विंडनच्या नगरपालिकेने तो मोडकळीला आलेला असताना विकत घेतला. युद्धकाळात याच आवारात अमेरिकन लष्कराचं इस्पितळ होतं आणि नंतर जर्मन युद्धकैदी ठेवले होते. आज तिथे मुलं फुटबॉल खेळतात.

चालायला उत्तम वाट म्हणजे वाड्यासमोरून तळ्याकडे उतरून बांधावरून फिरून झाडीतून परत यायची. निवांत चाललात तर पाऊण तास. बाबागाडी मुख्य वाटांवर मजेत जाते, पण झाडीतल्या पायवाटांवर लहान चाकांची घडीची गाडी नेऊ नका. ओल्या पानांखाली मुळं असतात आणि पुढचं चाक त्यांत अडकून गाडी पुढे कलंडते. मोठ्या, हवा भरलेल्या चाकांची असेल तर हरकत नाही.

भिंतींच्या आतली बाग न बघता परत फिरणारे फार. उंच विटांच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि संध्याकाळी ते हळूहळू सोडतात. त्या उबेवर भिंतीला टेकवून वाढवलेली फळझाडं तगतात. वाऱ्याच्या दिवशी भारतातून आलेल्या आई-बाबांना बसवायला गावात याहून चांगला आडोसा नाही. वाड्याच्या आणि या बागेच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, बाहेरचं मैदान मात्र रोज खुलं असतं. वाड्याला लागून असलेलं सेंट मेरी चर्च उघडं सापडलं तर सोडू नका. आत 1645 मध्ये इंग्लंडच्या यादवी युद्धात मेलेल्या एडवर्ड सेंट जॉनचा माणसाच्या मापाचा सोनेरी पुतळा तंबूतून बाहेर पाऊल टाकताना उभा आहे.

दर शनिवारी सकाळी 9 ला इथे पार्करन होतो. पाच किलोमीटर, फुकट. एकदा ऑनलाइन नाव नोंदवून बारकोड घ्यायचा आणि तो बरोबर न्यायचा. बारकोड विसरलात तर धावू देतात, पण वेळ नोंदली जात नाही. हिवाळ्यात साध्या रोडच्या बुटांचे तळवे चिखलावर बर्फासारखे घसरतात, म्हणून खोल खाचांचे ट्रेल शूज हवेत.

खोट काय? पार्किंगला पैसे पडतात आणि शनिवारी पार्करनच्या वेळी जागेची मारामारी असते. दहाच्या पुढे या. आणि एम4 चा घुमघुमाट. दक्षिणेच्या कडेला तो थांबतच नाही. वारा दक्षिणेचा असेल तर वाड्याच्या मागच्या बाजूने फिरा, इमारत आणि झाडी आवाज बराच खातात.

कोट वॉटर

मुलं असतील तर हे, यात वाद नाही. हे तळं नैसर्गिक वाटतं, पण ते 1822 मध्ये कोल नदीचं पाणी अडवून केलेलं आहे, विल्ट्स अँड बर्क्स कालव्याला पाणी पुरवायला. रेल्वे आली, कालवा ओस पडला, 1914 मध्ये तो कायदेशीररीत्या मोडीत निघाला आणि तळं गावाच्या वाट्याला आलं. काठावरून पाण्यात उभी असलेली काँक्रीटची पांढरी सूर मारायची माडी 1935 ची. पोहणं 1958 मध्येच बंद झालं, पण माडी आता जतन केलेली वास्तू आहे. तिच्यावर बगळे आणि पाणकावळे बसतात. पाणकावळे पंख पसरून वाळवत असतात तेव्हा फोटो काढा, संध्याकाळी पश्चिमेचा उजेड थेट त्यांच्यावर येतो.

तळ्याभोवतीची फेरी साधारण तासाभराची. गावाकडची बाजू पक्क्या वाटेची, तिथे व्हीलचेअर सहज जाते. दूरच्या टोकाला, जिथे झाडी आणि बोरू दाट होतात, तिथे वाट मऊ होते. त्या टोकाला 1970 च्या दशकात पुराचं पाणी साठवायला केलेलं दुसरं तळं आहे आणि त्याच्याभोवती पक्ष्यांचं राखीव क्षेत्र. हा सगळा भाग वैज्ञानिकदृष्ट्या महत्त्वाचा म्हणून संरक्षित आहे, चतुर आणि टाचण्या या उडत्या कीटकांसाठीसुद्धा. जून-जुलैत निरभ्र दुपारी बोरूच्या कडेला पाच मिनिटं हलायचं नाही. निळ्या टाचण्यांच्या जोड्या हृदयाच्या आकारात जुळून गवताच्या पात्यावर उतरताना दिसतात.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत तुरेवाल्या बुडबुड्या पक्ष्यांचं प्रणयनृत्य चालतं. नर-मादी समोरासमोर येऊन माना झटकतात, मग दोघंही बुडी मारून चोचीत शेवाळाचा झुपका घेऊन वर येतात आणि छातीला छाती लावून पाण्यावर उभे राहतात. हे काही सेकंदांत आटपतं. दुर्बीण गळ्यात असेल तरच सापडतं, पिशवीतून काढेपर्यंत खेळ खलास.

मुलांसाठी मोठं खेळण्याचं मैदान, उन्हाळ्यात पाण्याच्या फवाऱ्यांचं आवार, आणि हौशी मंडळींनी चालवलेली छोटी आगगाडी, जिच्यावर पाय दोन्हीकडे टाकून बसायचं. ही गाडी मुख्यतः रविवारी आणि हवा बरी असेल तरच धावते, म्हणून मुलाला आधी वचन देऊ नका. फवाऱ्यांच्या बाबतीत तीन गोष्टी. लंगोटातल्या बाळाला पाण्यातला खास डायपर लागतो, साधा फुगून फुटतो. जमीन खरखरीत असते, पाण्यातले रबरी बूट घाला. आणि अंगावरचे ओले कपडे लगेच बदला, कारण चोवीस अंशांतही ढग आला की मूल कुडकुडतं. दोन टॉवेल न्या, एक पुसायला आणि एक गुंडाळायला.

उष्ण रविवारी अकरानंतर पार्किंगची आशा धरू नका. लोक मग आजूबाजूच्या वसाहतींत गाड्या घुसवतात आणि दंडाच्या चिठ्ठ्या घेऊन येतात. गावातून मार्लबरो रोडच्या दिशेने जाणारी बस यापेक्षा बरी.

आता दोन इशारे. कडक उन्हाळ्यात पाण्यावर हिरवट-निळसर साय दिसली, रंग सांडल्यासारखी, तर ते विषारी शैवाल. मुलांचे हात, कुत्र्याचं तोंड, काहीच त्या पाण्याला लागू देऊ नका. कुत्र्यांच्या जिवावर बेततं. आणि बदकांना पोळीचे किंवा पावाचे तुकडे घालायची आपल्याकडची माया इथे आवरा. पावाने त्यांचं पोट भरतं पण पोषण होत नाही, आणि उरलेला पाण्यात कुजून शैवालालाच खाद्य मिळतं. द्यायचंच तर मूठभर ओट्स किंवा फ्रीजरमधले मटार, गोठण सुटल्यावर.

रस्त्याच्या बाजूला निसर्गावर लिहिणाऱ्या रिचर्ड जेफरीजचं जन्मघर आहे, 1848 मध्ये तो इथे जन्मला. आता तिथे छोटं संग्रहालय आणि गोड फळबाग आहे. उघडं असेल तर अर्धा तास द्या.

टाउन गार्डन्स आणि गावातल्या लहान बागा

ओल्ड टाउनमधली टाउन गार्डन्स ही दगडाची जुनी खाण. खाण संपली, खड्डा उरला, आणि 1894 मध्ये त्यात बाग झाली. म्हणूनच आत शिरल्यावर जमीन अचानक खाली जाते आणि रस्त्याचा आवाज डोक्यावरून निघून जातो. बँडस्टँड, गुलाबांची वाफेबाग, पक्ष्यांचा पिंजरा आणि खोलगट भागात बसवलेलं खुलं रंगमंच. खाणीच्या कडेला उघडे पडलेले दगडाचे थर भूवैज्ञानिकांसाठी इतके मोलाचे की त्यांनाही वेगळं संरक्षण आहे. स्विंडन मेळा, म्हणजे ढोल, भांगडा, चाट आणि साड्यांचे स्टॉल, याच बागेत भरत आला आहे. मेळ्याच्या दिवशी सतरंजी घेऊन लवकर जा आणि रंगमंचासमोरच्या उताराची वरची कड पकडा. खाली बसलात तर पुढे नाचणाऱ्यांच्या पाठीच दिसतात.

या बागेतल्या बाकांवर कोंकणी कानावर पडली तर नवल नको. स्विंडनमध्ये गोंयकारांची वस्ती ब्रिटनमधल्या मोठ्या वस्त्यांपैकी एक आहे, बहुतेक जण पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले.

गुलाबांसाठी जूनचा दुसरा पंधरवडा. गुडघेदुखी असलेल्यांना खोलगट भागातले उतार जड जातात. त्यांनी वरच्या कडेने फिरावं. गाडीचा त्रास आहे: आजूबाजूच्या रस्त्यांवर रहिवाशांचे परवाने, तेव्हा खांबावरची पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

बागेपासून जवळच जुन्या रेल्वेमार्गाची वाट आहे. ओल्ड टाउनमधून दक्षिणेकडे जाणारी ही लाइन प्रवाशांसाठी 1961 मध्ये बंद झाली (गोवा मोकळा झाला त्याच वर्षी, हा निव्वळ योगायोग). रूळ गेले, सपाट वाट राहिली. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून जुन्या लोहमार्गावरची वाट म्हणजे सायकल शिकणाऱ्या मुलांना आणि गुडघे कुरकुरणाऱ्या आजोबांना वरदान. दोन्ही बाजूंना चुनखडीच्या कापलेल्या भिंती, त्यांवर उन्हाळ्यात फुलपाखरं. याच लाइनचा चिझल्डन ते मार्लबरो हा साडेसात मैलांचा तुकडाही सायकलवाटेत बदलला आहे, त्याला हायब्रिड सायकल पुरते. पावसानंतर रोडबाइक नको.

बाकीच्यांचं थोडक्यात. क्वीन्स पार्क ही विटांसाठी माती काढलेल्या खाणीत केलेली बाग, मध्ये तळं, मोठे जुने वृक्ष. ऑफिसच्या सुट्टीत डबा खायला छान, मुद्दाम जायला नाही. फॅरिंग्डन रोडवरचं जीडब्ल्यूआर पार्क हे रेल्वे कामगारांच्या दगडी चाळींना लागून. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कामगारांच्या मुलांची वार्षिक जत्रा इथे भरायची आणि प्रत्येक मुलाला केक मिळायचा. आज ते साधं मोकळं मैदान आहे. शॉ फॉरेस्ट पार्क कचऱ्याच्या भरावावर उगवलेलं रान, वेस्ट स्विंडनमध्ये राहणाऱ्यांनी रोज संध्याकाळी जावं, इतरांनी खास गाडी काढू नये. मोल्डन हिलला टॉ व्हॅली हॉल्ट आहे, तिथून स्विंडन अँड क्रिकलेड ही जतन केलेली जुनी रेल्वे धावते. वाफेच्या इंजिनाचा दिवस आधी वेळापत्रकात बघा, नाहीतर डिझेलवर समाधान मानावं लागतं. स्टँटन पार्कचं जुनं रान फक्त एका गोष्टीसाठी: एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत झाडांखाली ब्लूबेलची निळी सतरंजी. वाट सोडून फोटोसाठी आत पाऊल टाकू नका, तुडवलेल्या पानांचा कंद पुढे काही वर्षं फुलत नाही.

टेकड्यांवर: बार्बरी आणि पांढरा घोडा

बार्बरी कासल या नावाने फसू नका. मराठी माणूस ‘कासल’ म्हटलं की बुरूज, दरवाजे आणि तोफा शोधायला लागतो. इथे एकही दगड रचलेला नाही. लोहयुगातला हा गड म्हणजे टेकडीच्या माथ्याला मातीचे दोन प्रचंड वळसे आणि त्यांच्यामधला खंदक, सगळं आता गवताखाली. अँग्लो-सॅक्सन बखरीत 556 साली इथे लढाई झाल्याची नोंद आहे. तटावर चढून एक पूर्ण फेरी मारली की गावापासून थेट कॉट्सवोल्डच्या टेकड्यांपर्यंतचं खोरं पायाखाली. खाली दिसणारी जुनी धावपट्टी आणि प्रचंड हँगर रॉटनच्या जुन्या विमानतळाचे, तिथे सायन्स म्युझियम आपल्या अवाढव्य वस्तू साठवतं.

आजी-आजोबांना डोंगरावर नेल्याचं समाधान द्यायचं असेल तर हीच जागा. गाडी जवळजवळ माथ्यावर जाते आणि पार्किंगपासून तटापर्यंतची वाट सपाट आहे. मेंढ्या चरतात, कुत्र्याला पट्टा. फाटक जसं सापडलं तसंच ठेवून पुढे जायचं. खायचं-प्यायचं सगळं बरोबर न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे असं हातात धरून खाण्याजोगं काहीतरी. कागदी ताटलीतले पोहे वाऱ्याने खोऱ्यात जातात. डिस्पोजेबल बार्बेक्यू पेटवण्याचा विचारही नको. वाळलेलं गवत तासभरात पूर्ण उतार पेटवतं.

पोस्टकोडवर विसंबू नका. खेड्यातला एक पोस्टकोड मैलभर पसरलेला असतो आणि सॅटनॅव्ह कुठल्यातरी शेतघराच्या अंगणात नेऊन सोडतं. नकाशावर ‘बार्बरी कासल कार पार्क’ची खूणच निवडा.

गडाच्या मधून जाते ती रिजवे. ब्रिटनमधला हा सर्वांत जुना रस्ता समजला जातो, 87 मैलांचा, ओव्हर्टन हिलपासून इव्हिंगो बीकनपर्यंत. बार्बरीपासून पूर्वेला स्मीथ्स रिजवरून ऑगबर्न सेंट जॉर्जच्या दिशेने चालणं म्हणजे या भागातली सर्वांत सुंदर चाल. मऊ गवताचा कणा, दोन्हीकडे उतार. जाऊन-येऊन अर्धा दिवस धरा. रिजवेचा रुंद, गाड्यांच्या चाकोऱ्यांचा भाग पावसाळी महिन्यांत वेगळाच असतो. खडू आतून कोरडा राहतो, पण वरच्या अर्ध्या इंचाचा लेप होतो. साबणासारखा. बुटाच्या खाचांत तो भरला की तळवा गुळगुळीत, मग उतारावर कितीही महागडा बूट उपयोगाचा नाही. दर शंभर पावलांवर गारगोटीच्या कडेवर तळवा घासा आणि उतारावर चाकोरीतून न चालता कडेच्या गवतावरून उतरा. वाळल्यावर पँटवरचे पांढरे डाग ब्रशने झटकले जातात. ओले पुसलेत तर कापडात बसतात.

पूर्वेला ऑक्सफर्डशरच्या हद्दीत, गाडीने अर्ध्या तासाच्या आत, अफिंग्टनचा पांढरा घोडा. सुमारे 3000 वर्षांपूर्वीचा, 110 मीटर लांब. उतारावर चर खणून त्यांत कुटलेला खडू भरून काढलेली ही आकृती. लोकांची पहिली तक्रार ठरलेली: वर गेलो, घोडा कुठे आहे? जवळून तो दिसत नाही. घोड्याच्या डोळ्याशेजारी उभं राहिलं की पायाशी एक पांढरा पट्टा वळसा घेत उताराखाली नाहीसा होतो, इतकंच. पूर्ण घोडा खालच्या खोऱ्यातून, उत्तरेच्या गावांच्या रस्त्यांवरून बघायचा. म्हणून क्रम असा ठेवा: आधी खालून बघा, मग वर जा. आणि पट्ट्यावर पाय ठेवू नका. कडेचं गवत सतत आत सरकतं, दरवर्षी स्वयंसेवक हातोड्यांनी नवा खडू कुटून भरतात, आणि तरीही डोकं व मान इतकी बारीक झाली होती की 2024 मध्ये कडा पुन्हा रुंद करून घ्याव्या लागल्या.

खालची सपाट डोक्याची टेकडी म्हणजे ड्रॅगन हिल. तिच्या माथ्यावर गवत न उगवणारा पांढरा डाग आहे. सेंट जॉर्जने मारलेल्या ड्रॅगनचं रक्त सांडलं म्हणून, असं सांगतात. रिजवेने पश्चिमेला दीड मैलावर वेलँड्स स्मिदी, पाच हजार वर्षांहून जुनी दगडी कबर, बीच वृक्षांच्या वर्तुळात. घोडा आणि एक नाणं ठेवून जा, सकाळी नाल ठोकलेला मिळेल, अशी दंतकथा. लोक अजून दगडांच्या फटीत नाणी खोचतात, तेवढं करू नका, दगड खराब होतो.

नॅशनल ट्रस्टचे सभासद असाल तर पार्किंग फुकट, एव्हबरीलाही. एव्हबरी हे जगातलं सर्वांत मोठं शिलावर्तुळ, स्विंडनपासून सुमारे अकरा मैल. स्टोनहेंजसारखी दोरी नाही, शिळांना हात लावता येतो. गाडी नसलेल्यांना स्विंडन ते डिव्हायझेस जाणारी 49 नंबरची बस थेट गावात सोडते, परतीची शेवटची बस आधी बघून ठेवा. बाकी एव्हबरीबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की इथे भर घालायची गरज नाही. फक्त, उन्हाळी संक्रांतीच्या, म्हणजे 21 जूनच्या आसपास गाडी घेऊन जाऊ नका.

नॉर्थ मेडो, क्रिकलेड

वर्षातले तीन आठवडे ही जागा बाकी सगळ्यांना मागे टाकते. उत्तरेला सात-आठ मैलांवर, टेम्स आणि चर्न या नद्यांच्या बेचक्यात सुमारे 110 एकरांचं कुरण. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत इथे स्नेक्स हेड फ्रिटिलरी फुलते. ब्रिटनमध्ये रानात उगवणाऱ्या या फुलांपैकी सुमारे ऐंशी टक्के एकट्या या कुरणात आहेत.

उभ्याने बघितलं तर गवतावर जांभळट धूर पसरल्यासारखा वाटतो. खाली बसा. वीतभर उंचीचा, सुतळीहून बारीक देठ, त्याच्या टोकाला मान खाली घातलेली घंटा, आणि पाकळ्यांवर फिक्या-गडद जांभळ्याचे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे नेमके. चौकड्याचं लुगडं कुणीतरी फुलाच्या मापाने विणलं असावं. मधूनच एखादं पांढरं, त्यातही चौकोनांची हिरवट छटा. पाऊस पडून गेल्यावर घंटेच्या कडेला थेंब लोंबतो. सकाळी नऊच्या आत गेलात तर वारा नसतो आणि फोटो हलत नाही.

ही फुलं टिकली ती गवत कापायच्या जुन्या शिस्तीमुळे. फुलं बी धरतात, मग जुलैत गवत कापून वाळवून नेतात, आणि 12 ऑगस्टपासून 12 फेब्रुवारीपर्यंत गावाची गुरं चरायला सुटतात. हिवाळ्यात नद्या कुरणावर पसरून गाळ देतात. पण हे पाणी वेळेवर उतरावं लागतं. वसंतात आणि उन्हाळ्यात ते साचून राहिलं की गवत कापता येत नाही, जमिनीत खत जास्त होतं, लव्हाळ्यासारखी राठ पाती माजतात आणि फ्रिटिलरी गुदमरते. म्हणून ओल्या वर्षानंतर फुलं रोडावतात. निघण्याआधी त्या आठवड्याची फुलोऱ्याची ताजी खबर ऑनलाइन शोधा, मागच्या वर्षीच्या फोटोंवर जाऊ नका.

खुणा केलेल्या वाटेवरूनच चालायचं. बीपासून फूल यायला कित्येक वर्षं लागतात आणि एका पावलाखाली चार रोपं जातात. एप्रिलात गमबूट हवेतच. कुरण कोरडं दिसतं, पण गवताच्या मुळांशी पाणी असतं आणि पाचव्या पावलाला मोजा भिजतो. कुरणाच्या तोंडाशी पार्किंग जवळजवळ नाही. गाडी गावात लावा आणि चालत या, किंवा सायरनसेस्टरच्या बसने क्रिकलेडला उतरा. स्वच्छतागृह आणि चहा गावातच.

बाबागाडीचं इथे जमत नाही. प्रवेशाला अर्धवर्तुळाच्या कुंपणात झुलणारं फाटक असतं: माणूस आत शिरतो, फाटक स्वतःकडे ओढतो, वळून बाहेर पडतो. गुरांना हे वळण जमत नाही आणि जोडबाबागाडीलाही नाही. बाळाला झोळीत किंवा पाठपिशवीत घ्या.

परत आल्यावर गाडीजवळच पोटऱ्या, गुडघ्याची मागची बाजू आणि मुलांच्या केसांची रेषा तपासा. उंच गवतात आणि मेंढ्यांच्या टेकड्यांवर गोचिडी असतात, तिळाएवढ्या. चिकटलेली सापडली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल किंवा काडी लावू नका, त्याने ती पोटातले जंतू अंगात ओकू शकते. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरायला लागलं तर जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जा आणि कुठल्या कुरणात गेला होतात तेही सांगा. नेटलची पानं लागून आग झाली तर ती विलायती खाजकुयली, काही तासांत ओसरते. चोळू नका, गार पाण्याने धुवा.

शेवटचं घड्याळाचं. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि काही पार्किंगची फाटकं अंधार पडताना बंद होतात. आत शिरताना पाटीवरची वेळ फोनवर टिपून घ्या. टेकड्यांच्या खोलगट भागांत सिग्नल जातो आणि पार्किंगचं ॲप फिरत राहतं, म्हणून गाडीच्या कप्प्यात एक-एक पौंडाची पाच नाणी, एक जुनी पिशवी चिखलाच्या बुटांसाठी आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड कायम असू द्या.